माळावरची सायकल

मंडळी, नमस्कार. आज माउंटन बाइकवर बोलणार म्हटल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘सोलापुरात डोंगर कुठाय?’ रास्त प्रश्न आहे. पण ही सायकल जन्माला कशी आली ते आधी ऐका, म्हणजे आपल्या माळावर तिचं काय काम आहे ते आपोआप कळेल.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाची काउंटी आहे. टॅमलपायस हा तिथला डोंगर. १९७० च्या दशकात तिथल्या काही पोरांना रस्त्यावरच्या शर्यतींचा नाद होता. पण त्या शर्यतीची सायकल म्हणजे हलकी, बारीक टायरची. डोंगरातल्या मातीच्या वाटेवर तिचा टिकाव लागेना. मग या पोरांनी भंगारवाल्यांकडून, जुन्या दुकानांच्या माळ्यावरून १९३०-४० च्या सुमाराच्या सायकली शोधून काढल्या. श्विन कंपनीची एक्सेलसियर त्यांच्या विशेष आवडीची. दोन चाकांमधलं अंतर जास्त, पुढचं चाक धरणारा चिमटा चांगला कललेला आणि टायर दोन इंचांहून रुंद. अशी सायकल उतारावर बिथरत नाही. मडगार्ड, कॅरियर, स्टँड, जे निघेल ते काढून टाकायचं. तरीही सायकल वीस किलोच्या घरात. ती ढकलत नाहीतर गाडीत टाकून वर न्यायची आणि खाली सोडायची.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिल्यांदा वेळ लावून शर्यत घेतली. चार्ली केली हा तिचा मुख्य आयोजक. एक घड्याळ वर, एक खाली, दोन्ही आधी जुळवून घेतलेली, आणि वेळा कागदावर. उतार साधारण साडेतीन किलोमीटरचा, पण तेवढ्यात जवळजवळ ४०० मीटर खाली येतो. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने तो ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून दाखवला. त्यांच्यातल्याच जो ब्रीझला २ सेकंद जास्त लागले.

आता त्या सायकलींचा ब्रेक कसा होता ते बघा. मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीच्या आतच ब्रेक, उलटं पायडल मारलं की लागायचा. एवढ्या उतारावर तो सतत दाबून धरावा लागे. हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडा, छर्रे पुसा, नवं ग्रीस भरा, मगच पुढची फेरी. त्या उताराला रीपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरणं’, हे नाव त्यावरूनच पडलं. सायकल ओव्हरहॉलिंगला टाकून दुकानाच्या फळीवर बसून राहिलेली जी माणसं इथे आहेत, त्यांना त्या तापलेल्या ग्रीसचा वास लगेच आठवेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कुपर्टिनो गावाहून आलेल्या काही जणांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर लावलेले होते, ते मरिनच्या मंडळींनी पाहिले होते. हळूहळू यांच्याही सायकलींना गिअर आले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आले. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९७९ मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिची या कारागिराने बांधलेल्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही माउंटन बाइक आली, आणि अशी सायकल कारखान्यातून थेट दुकानात जाऊ लागली. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत फक्त वीस वर्षं!

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की त्या पोरांनी आपल्या पायाखालची जमीन पाहून सायकल घडवली. आपणही तेच केलं पाहिजे. सह्याद्री नाही म्हणून हळहळत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मुरमाड माळ आहे, पाणंद रस्ते आहेत, कोरडे ओढे आहेत, हिप्परग्याच्या तलावाकडच्या वाटा आहेत. चढच हवा असेल तर तुळजापूरला जा, बालाघाटचा घाट तिथे उभा आहे. कोजागिरीला सोलापूरची हजारो माणसं तिकडे पायी जातातच.

पण इथली जमीन दोन बाबतींत कडक आहे. पहिली काळी माती. एक सर पडून गेली की ती टायरला चिकटते, पुढे चिमट्यात आणि मागे फ्रेममध्ये गच्च बसते, आणि पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं. पाणी ओतून निघत नाही, काडीने कोरून काढावी लागते. तेव्हा पाऊस झाला की दोन-तीन दिवस काळ्या रानाकडे फिरकायचं नाही, मुरमाच्या माळावरच राहायचं. दुसरी गोष्ट काट्यांची. वेड्या बाभळीचा काटा जाड टायरही आरपार करतो, सराटे तर डझनाने बसतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. मोडलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही जाते. जमत असेल तर ट्यूबलेस, म्हणजे बिनट्यूबचं, करून आत भोक बुजवणारं सीलंट घाला. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. हवा रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा बरीच कमी, ट्यूबलेसला पंचवीस पौंडांच्या आसपास पुरते. एप्रिल-मे महिन्यात आठच्या आत घरी. उन्हाशी हट्ट करू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून सांगायची आहे. मरिनमध्ये सायकली वाढल्या तसे पायी फिरणारे आणि घोडेस्वार वैतागले, आणि तिथल्या बऱ्याचशा अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये माउंटन बाइकवाल्यांची संघटना उभारली ती त्यानंतर. आपण तिथवर जायचं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य ही सायकल फिरवण्याची जागा नव्हे. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालतो, तेही बहुतेक पावसाळ्यात. आपल्याला जो माळ मोकळा दिसतो, तो त्याचा संसार आहे. हा पक्षी आज मोजकाच उरला आहे. तसंच शेताचं. ज्वारी उभी असताना बांधावरून सायकल घालायची नाही. वाटेत कुणी भेटलं तर उतरून रामराम करायचा, ‘इकडून जाऊ का?’ म्हणून विचारायचं. असं विचारणाऱ्याला आपल्याकडचे शेतकरी हुरड्याला थांबवून घेतात.

१९८० मध्ये केलीच्या मंडळींनी ‘फॅट टायर फ्लायर’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं, ते १९८७ पर्यंत चाललं. एकमेकांना वाटा, शर्यती आणि दुरुस्त्या कळवता याव्यात एवढ्यासाठी. आपल्याला अजून छापायची गरज नाही, एक वही पुरे. ती मी आणली आहे, तिथे टेबलावर ठेवली आहे. जाताना ज्याने त्याने आपल्या गावाकडची एकेक वाट लिहावी: कुठून सुरू होते, माती काळी की मुरूम, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, आणि रान कुणाचं, म्हणजे आधी कुणाला विचारायचं.