घोरणं मध्येच थांबतं का? तिकडे लक्ष द्या

नमस्कार! घरातलं वडीलधारं माणूस घोरायला लागलं की आपण म्हणतो, "वय झालंय, चालायचंच." मला आज या "चालायचंच"वरच बोलायचंय, कारण ते कधीकधी फार महागात पडतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि मऊ टाळू, पडजीभ थरथरायला लागते. तोच हा आवाज. वयाबरोबर हे स्नायू आणखी ढिले होतात. त्यात वाढलेलं वजन, जाड मान, चोंदलेलं नाक, सिगारेट, रात्रीची दारू यांची भर पडते. बायकांमध्ये पाळी गेल्यावर घोरणं वाढतं. "मी आधी कधीच घोरत नव्हते," असं आजी म्हणते ना, ते खरं असू शकतं! आणि झोपेच्या काही गोळ्याही घसा आणखी सैल करतात. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा.

आता मुख्य गोष्ट. रात्री बाबांच्या शेजारी थोडा वेळ बसा. घोरणं चढत जातं आणि एकदम थांबतं. छाती-पोट हलतंय, पण हवा आत जात नाहीये. मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, की पुन्हा घोरणं सुरू. असा खंड 10 सेकंद किंवा जास्त टिकत असेल आणि तासाला 5 पेक्षा जास्त वेळा पडत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. तासाला 30 पेक्षा जास्त वेळा पडला तर तीव्र. दर खेपेला रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, हृदयावर ताण पडतो. बीपी आटोक्यात न येण्यामागे हेही कारण असू शकतं. पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

म्हातारपणी हे लपून राहतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. रात्री तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, पेपर वाचताना डुलकी, विसरभोळेपणा, सगळं वयाच्या खात्यावर जातं. जोडीदाराला कमी ऐकू येत असेल किंवा माणूस एकटा राहत असेल, तर सांगणार कोण? मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. तो आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते झोपेची तपासणी सुचवतील.

साध्या घोरण्याला कुशीवर झोपून, वजन उतरवून बराच फरक पडतो. ॲप्नियासाठी सीपॅप मशीन असतं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. 1981 पासून ही पद्धत माहीत आहे. सुरुवातीला मास्क नकोसा होतो, टोचतो, हवा गळते. तेव्हा मशीन कपाटात टाकू नका, मास्कचं माप बदलून घ्या.