शीतयुद्ध बर्लिनच्या भिंतीपासून? नाही हो, आधी त्या नोटा बघा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत: "सर, हिटलरविरुद्ध एकत्र लढले, मग अमेरिका-रशियाचं बिनसलं कुठे?" आणि खाली उत्तर देणाऱ्यांची झुंबड: "बर्लिनची भिंत!" अहो, भिंत १९६१ची. तोवर भांडण चांगलं मुरलं होतं.

पुस्तकातलं पटकन उरकतो. फेब्रुवारी १९४५ला दोस्त राष्ट्रांची याल्टा परिषद, जुलैत पॉट्सडॅमची, मार्च १९४६ला ब्रिटनच्या चर्चिलचं फुल्टनमधलं 'लोखंडी पडद्या'चं भाषण, मार्च १९४७ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी साम्यवाद रोखायला ग्रीस-तुर्कस्तानसाठी मागितलेले ४० कोटी डॉलर, जूनमध्ये युरोपला मदतीची मार्शल योजना. स्पर्धा परीक्षावाले हे झोपेतही सांगतील. "भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद" असं लिहून मीही शाळेत पैकीच्या पैकी घेतलेत. पण रशियात साम्यवादी १९१७पासून होते. तरी १९४१ ते ४५ युती टिकलीच ना?

म्हणून जर्मनीकडे या. युद्धानंतर तिचे चार तुकडे: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत रशिया. चलन मात्र सगळीकडे एकच, जुना राइश मार्क, आणि त्याची किंमत इतकी गेलेली की लोक सिगारेटी देऊन सौदे करत. त्यात दोस्त सैन्यांनी जर्मनीत वापरायच्या लष्करी नोटांच्या छपाईच्या प्लेटा अमेरिकेने १९४४ला रशियाला दिलेल्या. मग काय, नोटांचा पूर!

२० जून १९४८ला पश्चिमेच्या तीन भागांत नवा डॉइश मार्क आला. इथेच सगळे गडबडतात. "नोटा बदलल्या तर रशियाचा सर्वेसर्वा स्टालिन एवढा का चिडला?" कारण कोल्हापुरात जुन्या नोटा रद्द झाल्या आणि बेळगावात चालू राहिल्या, तर सगळ्या जुन्या नोटा कुठे धावतील? तसंच. पश्चिमेतला जुना मार्क पूर्वेत घुसणार आणि तिथला माल उचलणार.

नाही पटलं? दुकानदाराच्या बाजूने बघा. पश्चिमेत दडवलेला माल एका रात्रीत काचेमागे दिसू लागला. पूर्वेकडच्या माणसाने ते बघितलं की झालंच.

आणि आता स्टालिनच्या खुर्चीत बसा. २ कोटींहून जास्त माणसं गमावलेली, भरपाई हवी, आणि समोर ज्या जर्मनीने हल्ला केला तिचाच मोठा भाग अमेरिकेच्या पैशाने उभा राहतोय. वेगळं चलन आलं, म्हणजे वेगळं राष्ट्र येणार. त्याचा अंदाज खरा ठरला: मे १९४९ला पश्चिम जर्मनी झालाच. स्टालिनचं मी समर्थन करतोय असं लिहू नका खाली. पूर्व युरोपात त्याने काय केलं यावर वेगळा व्हिडिओ आहे.

२३ जूनला रशियाने आपलं चलन आख्ख्या बर्लिनला लागू केलं. पण बर्लिन शहराचेही असेच चार भाग होते; त्यातले अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सचे तीन म्हणजे पश्चिम बर्लिन. तिथे पश्चिमेने आपला मार्क आणला. २४ला रशियाने पश्चिम बर्लिनला जाणारे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. बर्लिन सोव्हिएत भागाच्या पोटात, सीमेपासून सुमारे १६० किलोमीटर आत! मग १२ मे १९४९ला ही नाकेबंदी उठेपर्यंत, आणि त्यानंतरही काही महिने, पश्चिमेच्या विमानांनी माल आला. त्यात सर्वांत जास्त काय? पीठ नव्हे, कोळसा.

"विमानं पाडली का नाहीत?" हाही प्रश्न आलाय. पाडली असती तर उघड युद्ध. शिवाय तीन हवाई मार्गांचा करार नोव्हेंबर १९४५मध्ये लेखी झाला होता. रस्त्यांबद्दल मात्र कुणी नीट लिहून घेतलं नव्हतं.