पातेल्यातला थर्मोस्टॅट

गॅरेजच्या कोपऱ्यात शेगडीवर ॲल्युमिनियमचे पातेले ठेवलेले आहे. पातेल्यावर एक स्क्रूड्रायव्हर आडवा टाकला आहे आणि त्याला दोऱ्याने बांधून लिंबाएवढी एक धातूची वस्तू पाण्यात सोडलेली आहे. हा मोटारीचा थर्मोस्टॅट. त्याच्या कडेवर ८२ हा आकडा उमटवलेला दिसतो. पाणी सत्तर अंशांवर असेपर्यंत तो ढिम्म राहतो. ऐंशी ओलांडल्यावर मात्र त्याच्या मधली तबकडी जागची हलते आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत चांगली आठ-दहा मिलिमीटर उघडते.

या हालचालीसाठी वीज लागत नाही. आतल्या छोट्याशा नळकांड्यात मेण भरलेले असते. ते वितळताना फुगते आणि बंदिस्त जागेत फुगायला दुसरी वाट नसल्यामुळे जोर लावून झडप उघडते. मेण निवले, की स्प्रिंग ती झडप पुन्हा मिटवते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंशांच्याही वर जाते, आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरचा भाग, बनवलेले असते ते तर ६६० अंशांनाच वितळते. तरीही हेड शाबूत राहते, कारण त्याच्या पोटातल्या वाटांमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, सतत वाहत असते आणि इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा उचलून रेडिएटरकडे नेत असते. सकाळी गाडी सुरू केल्यावर मात्र ही वाट थर्मोस्टॅटने अडवलेली असते. पंप फिरतो, पण कूलंट बायपासच्या आखूड वाटेने इंजिनातल्या इंजिनातच घुमत राहते, आणि त्यामुळे इंजिन लवकर तापते.

आता मे महिन्याच्या दुपारी बोरघाट चढणारी भरलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. गिअर खालचा, इंजिनावर भार मोठा, आणि वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा तुटपुंजा. तापमानाचा काटा वर सरकू लागतो तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो, म्हणजे त्याच्या हातचे सारे देऊन झालेले असते. तापमान किती खाली जाऊ द्यायचे नाही, हे तो ठरवतो. ते किती वर जाईल, हे रेडिएटर, पंखा आणि पंप यांच्या कुवतीवर अवलंबून असते.

हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच, गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत आपल्याकडे पडली आहे. तो बंद अवस्थेत अडकलेला असेल, तर काढल्यावर गाडी घरापर्यंत येते हे खरे. पण तेवढ्यावरून तो कायमचा काढणे चुकीचे आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची तबकडी, वरची झडप उघडताना बायपासचे तोंड बंद करते. तीच नसेल, तर तापलेल्या कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत येतो आणि ऐन घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. ‘पाणी जोरात वाहिले, त्याला गार व्हायला वेळच मिळाला नाही,’ असे स्पष्टीकरण मग ऐकायला मिळते. ते पटण्यासारखे असले तरी खरे नाही, कारण प्रवाह वाढला तर रेडिएटरमधून जाणारी उष्णता वाढते, कमी होत नाही.

सपाट रस्त्यावर याच्या उलट घडते. इंजिन कधी नीट तापतच नाही, संगणक त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडतो, आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते. काट्याकडे पाहून खूश असलेल्या मालकाला याचा पत्ता नसतो.

रेडिएटरचे झाकणही याच व्यवस्थेचा भाग आहे. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने सुमारे एक बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा, जादा दाब धरला, की तोच बिंदू १२५ च्या पुढे जातो. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले, की हा दाब एका क्षणात जातो आणि कूलंट उसळून तोंडावर येते.

पातेल्यातला थर्मोस्टॅट उघडतो आणि निवल्यावर मिटतो, म्हणजे तो चांगला आहे. बसवताना त्याच्या कडेची बारीक हलती पिन वरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे कूलंट भरताना अडकलेली हवा तिथून निसटते. मग इंजिन सुरू करून, पंख्यापासून हात लांब ठेवून, वरच्या होज पाइपला बोट लावायचे. पाइप बराच वेळ कोमटच लागतो. मग एकाएकी तो इतका तापतो, की बोट मागे घ्यावे लागते.