न दुखणारी जखम

नमस्कार श्रोतेहो. मी परिचारिका आहे, मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांची मलमपट्टी करते.

गेल्या पावसाळ्यात एक वॉचमनकाका आले. तक्रार एवढीच, की मोज्याला डाग पडतो. त्यांचा बूट काढून उपडा केला, तर आतून खडीचा बारीक खडा पडला. बारा-बारा तासांची उभ्याची ड्यूटी, पायाखाली खडा, आणि त्यांना पत्ताच नाही! अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा होता, तो साफ केल्यावर खाली रुपयाएवढी जखम निघाली.

"दुखत नाही ना ताई, मग खाडा कशाला करायचा?" काका म्हणाले.

घात होतो तो इथेच. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आणि मग हळूहळू काहीच कळेनासं होतं. चप्पल पायातून निसटली तरी माणूस तसाच चालत राहतो.

या जखमेवर नुसतं औषध पुरत नाही, तिच्यावरचा भार काढावा लागतो. म्हणजे प्लास्टर किंवा खास पादत्राण, आणि कित्येक आठवडे कमीत कमी चालणं. हमालाला, शेतमजूर बाईला, हॉटेलात वाढणाऱ्या पोराला हे कसं सांगायचं? घरी बसलं की त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून ती माणसं चौथ्या दिवशी कामावर जातात, जखम चिघळते आणि मग बोट काढायची वेळ येते. मला याचा फार त्रास होतो.

पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापली जात असेल, तर जरूर चौकशी करा. वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. हे अनेकांना माहीतच नसतं.

आणि मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे बघा. वाकवत नसेल तर खाली आरसा धरा. पायांना शेक नको, आणि कुरूप घरी ब्लेडनं कापणं तर मुळीच नको. वर्षातून एकदा नायलॉनच्या धाग्यानं पायाची संवेदना तपासून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

काकांच्या सोसायटीनं गेटवर खुर्ची दिली, फेऱ्यांचं काम दुसऱ्याकडे सोपवलं. एका दिवसाचाही पगार कापला नाही. जखम भरायला अकरा आठवडे लागले.

परवा काका आले होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी बूट काढला आणि उपडा करून झटकून दाखवला.