धाकट्या खोऱ्याची बस

ब्रिटनच्या साऊथ वेल्समधलं हे पोर्थ, जिथे बस आणि ट्रेन एकत्र आणणारा ट्रान्सपोर्ट हब बांधला गेलाय. वेल्श भाषेत पोर्थ म्हणजे दार, आपण वेस म्हणू. नाव अगदी चपखल आहे, कारण रॉन्डा नदीची दोन खोरी इथेच येऊन मिळतात, एक रॉन्डा व्हाऊर म्हणजे थोरली रॉन्डा आणि दुसरी रॉन्डा व्हाख म्हणजे धाकटी. दोन्हीकडे उभे डोंगर, मधे नदी, आणि उतारावर एकाला एक चिकटलेली घरांची लांबच लांब रांग.

ही सगळी घरं कोळशासाठी उभी राहिली आणि रेल्वेसुद्धा कोळशासाठीच आली बरं का. नकाशा बघा, बहुतेक रूळ खाली उतरतात ते कार्डिफच्या बंदराकडे. शेजारच्या खोऱ्यात राहणाऱ्या बहिणीकडे जायचं तर डोंगर ओलांडा नाहीतर खालपर्यंत जाऊन दुसऱ्या खोऱ्यातून परत वर या.

आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती धाकट्या खोऱ्याची गोष्ट. त्याच्या वरच्या टोकाला मार्डी नावाचं गाव आहे, पोर्थपासून साधारण १० किलोमीटर. तिथली पॅसेंजर गाडी १९६४ मध्ये बंद झाली. पण रूळ काढले नाहीत, कारण कोळशाची गाडी चालूच होती, ती पुढे १९८६ पर्यंत धावली! म्हणजे बावीस वर्षं लोक खिडकीतून बघतायत की आपल्या गावातून ट्रेन जातेय आणि आपल्याला तिच्यात बसता येत नाहीये. त्याआधी १९८४-८५ मध्ये खाणकामगारांचा मोठा संप झाला होता, आणि १९९० च्या डिसेंबरात मार्डीची खाण बंद झाली, रॉन्डातली शेवटची.

खाण गेली पण माणसं तिथेच राहिली, आणि पूर्वी काम चालत जाण्याइतकं जवळ होतं ते आता कार्डिफला, कॉलेज दुसरीकडे, हॉस्पिटल तिसरीकडे. थोरल्या खोऱ्यात ट्रेन अजून आहे, धाकट्याला मात्र फक्त बस.

म्हणून पोर्थच्या स्टेशनला लागून बस आणि ट्रेन एकत्र आणणारा ट्रान्सपोर्ट हब बांधला गेला, आणि जागा हीच योग्य होती असं मला मनापासून वाटतं. पण हब म्हटलं की सगळे आधी बिल्डिंग बघतात, काच किती, छप्पर कसं. अहो, मार्डीहून येणाऱ्या आजोबांच्या नजरेने बघा ना. अनेक जुन्या खाणकामगारांच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. त्यांच्यासाठी बसमधून उतरल्यावर प्लॅटफॉर्म समोर दिसला पाहिजे, वाटेत जिना नको, हात टेकून उठता येईल असा बाक हवा आणि टॉयलेट उघडं हवं, कुलूप लावलेलं नाही.

दुसरं म्हणजे बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला उघडतं. ते फक्त पार्किंगकडे उघडलं तर लोक येतील, गाडी बदलतील आणि निघून जातील, गावाला काय मिळणार? तेच हॅना स्ट्रीटकडे उघडलं, ही इथली दुकानांची मुख्य गल्ली, तर बसला दहा मिनिटं आहेत म्हणून कोणी ब्रेड घेईल, कोणी केस कापून घेईल, दोन माणसं बोलत उभी राहतील. गावात जीव येतो तो असा, नुसत्या पाटीने नाही येत.

पण खरं डिझाइन टाइमटेबलमध्ये असतं हो. समजा रात्री कार्डिफहून शेवटची ट्रेन आली, शिफ्ट संपवून एक मुलगी उतरली, आणि मार्डीची शेवटची बस दोन मिनिटांपूर्वीच सुटली, तर तिच्यासाठी हा सगळा हब म्हणजे लाईट लावलेली रिकामी शेड. बस कंपनी वेगळी, रेल्वे वेगळी, हे तिला सांगून काय उपयोग? दोघांनी एका टेबलावर बसून वेळा जुळवायच्या, तिकीट एकच ठेवायचं, आणि ट्रेन लेट आहे हे बसच्या ड्रायव्हरला समोरच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि पाच मिनिटं थांबायची परवानगी त्याला आधीच दिलेली असली पाहिजे, कोणाला फोन न करता.