पेटीतल्या निगेटिव्ह आणि घरचा स्कॅनर

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जुने फोटो जपायचे म्हटलं की सगळे अल्बम घेऊन येतात. आजही चार-पाच अल्बम समोर दिसताहेत. पण मी अल्बमबद्दल बोलणार नाही. स्टुडिओवाला जे पाकीट द्यायचा, त्याच्या पुढच्या कप्प्यात प्रिंट असत आणि मागच्या कप्प्यात काळपट किंवा नारिंगी पट्ट्या, म्हणजे निगेटिव्ह. प्रिंट लग्नाच्या पाहुण्यांनी नेल्या, भिंतीवर लागल्या, ओल येऊन चिकटल्या. पट्ट्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि त्या वाचल्या त्या म्हणूनच. प्रिंट ही सातबाऱ्याची झेरॉक्स झाली. मूळ दस्त त्या मागच्या कप्प्यात आहे.

हे पडद्यावर पाहा. डावीकडे पोळ्याचा फोटो, जुनी प्रिंट, निगेटिव्हएवढीच, सव्वादोन इंची चौकोनी. आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा डबा कॅमेरा होता, 120 नंबरच्या रुंद फिल्मच्या रोलवर बारा फोटो यायचे, त्यातला हा एक. प्रिंटमध्ये काय दिसतं? तोरणाखाली बैलजोडी, मागे पांढरं आभाळ, धुरकऱ्याचा चेहरा पागोट्याच्या सावलीत काळा. आता उजवीकडे त्याच निगेटिव्हचा स्कॅन. आभाळात ढग आहेत. चेहऱ्याला डोळे आहेत, मिशी आहे. बैलाच्या कपाळावरचं बाशिंग एका बाजूला कललंय. आणि मागच्या भिंतीवर गेरूने रंगवलेलं गाय-वासरू! काँग्रेसला ते चिन्ह मिळालं 1971 च्या निवडणुकीपासून. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा असूच शकत नाही. प्रिंटमध्ये ही भिंत नुसती पांढरी होती.

यात जादू काही नाही. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधाराचा जेवढा पल्ला मावतो, तेवढा कागदावर मावत नाही. स्टुडिओवाल्याने बैल बरे दिसावेत म्हणून प्रिंटचा वेळ ठरवला, बाकीचं सोडून दिलं. त्याने सोडलेलं आपण आता उचलू शकतो.

काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरचं चित्र खऱ्या चांदीचं असतं, आणि हे भंगारवाल्यांना आपल्या आधी कळलेलं आहे. जुन्या एक्स-रेसारखीच ही फिल्मही किलोच्या भावाने जाते, चांदी काढायला. तालुक्याच्या ठिकाणी एखादा स्टुडिओ बंद होतो, पोट्टे दुकान रिकामं करतात आणि तीस-चाळीस वर्षांची लग्नं, मयती, शाळेचे ग्रुप फोटो एका पोत्यात निघून जातात. रंगीत फिल्ममधली चांदी धुतानाच निघून जाते, मागे उरतात नुसते रंग. म्हणून तिला भंगारात भाव नाही. ती उकिरड्यावर जाते, एवढाच फरक.

आता यंत्र. ग्रामपंचायतीत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जो स्कॅनर असतो तो चालत नाही. तो कागदावर उजेड पाडून परत आलेला उजेड वाचतो. फिल्मसाठी उजेड पलीकडून यायला लागतो, म्हणजे झाकणात दिवा हवा. एप्सनचे व्ही 600, व्ही 700, व्ही 850 किंवा कॅननचा 9000 एफ हे असे स्कॅनर. दुसरा प्रकार फक्त फिल्मचा, प्लस्टेकसारखा, ज्यात 35 मिलिमीटरची पट्टी एकेक घर, म्हणजे एकेक फोटो, सरकवत न्यायची. निकॉनचे कूलस्कॅन सगळ्यांत सरस होते, पण कंपनीने बंद केले. आता मिळाले तर जुन्या बाजारात.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. व्ही 600 वर 6400 डीपीआय, म्हणजे एका इंचात 6400 ठिपके, असं लिहिलेलं असतं. यंत्र तेवढे ठिपके देतंही. पण त्यातला खरा तपशील मोजला तर तो साधारण 1500-1600 च्या आसपास भरतो. बाकीचा नुसता फुगवटा. प्लस्टेकवर 7200 लिहितात, खरं उतरतं त्याच्या निम्म्याच्या आसपास. 35 मिलिमीटरचं घर 24 बाय 36 मिलिमीटरचं. 1600 ने हिशेब केला तर जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल. पाच बाय साडेसात इंचांची प्रिंट चांगली निघेल, त्यापुढे ओढाताण. पण क्लिक थ्रीची चौकोनी निगेटिव्ह प्रत्यक्षात 56 मिलिमीटर बाजूची असते. त्याच यंत्रावर तिच्यातून बारा मेगापिक्सेल येतात, जवळजवळ फूटभर रुंद प्रिंट. गंमत आहे की नाही? आजोबांचा डबा कॅमेरा बाबांच्या 35 मिलिमीटरच्या जपानी कॅमेऱ्याला घरच्या स्कॅनरवर मागे टाकतो! कडा मात्र मऊ येतात, कारण भिंग अगदीच साधं. तो दोष स्कॅनरच्या माथी मारू नका.

म्हणून माझा हिशेब असा. मोठ्या निगेटिव्ह असतील तर झाकणात दिवा असलेला सपाट स्कॅनर पुरे. घरात सगळं 35 मिलिमीटरचंच असेल आणि खोलात जायचं असेल तर प्लस्टेक बघा. सपाट स्कॅनरवर 3200 ठेवा, मग चित्र निम्म्यावर आणा. 6400 ने फक्त वेळ जातो आणि डिस्क भरते. 3200 वरही 35 मिलिमीटरचं एक रंगीत घर 16 बिट टिफमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये, ऐंशी एमबीच्या वर जातं.

पण खरं काम बटण दाबायच्या आधीचं आहे, आणि आपल्या मुलखात ते जास्त आहे. काळ्या मातीची धूळ, वेचणीच्या दिवसांत हवेत उडणारे कापसाचे तंतू. निगेटिव्हवर केसाएवढा तंतू असला तर चित्रात दोरखंड दिसतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. रबरी फुग्याने हवा मारा. जुन्या सुती शर्टाने पुसू नका, ओरखडा पडला की तो कायमचा. मे महिन्यात 45 डिग्रीला कूलर लावून हे काम करू नये, दमट हवेने फिल्म वेटाळते. थंडीत हवा कोरडी होते, फिल्मवर वीज साचते आणि ती धूळ ओढते. मी पोळ्यानंतर पाऊस ओसरला की सुरुवात करतो. सकाळी लवकर, फरशी ओल्या फडक्याने पुसून, पंखा बंद ठेवून.

बुरशीचं वेगळं आहे. पावसाळ्यात टिनाच्या घरात पेटी राहिली की निगेटिव्हवर जाळं धरतं. बुरशी त्यावरचं जिलेटीन खाते आणि खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं. अशी निगेटिव्ह पाण्याने धुतली तर चित्रच वाहून जाईल. आहे तशी स्कॅन करा.

आणि स्टुडिओच्या निगेटिव्ह, म्हणजे लग्न जुळवायला काढलेले मुलींचे फोटो वगैरे, त्या तर मुळीच पुसू नका. तिरप्या उजेडात धरा. चेहऱ्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतील. कुठे लालसर रंगाचा हात दिसेल. हे रिटचिंग. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं कारागिराने टोकदार पेन्सिलीने भरून काढलेली असत, आणि जिथे प्रिंट उजळ हवी तिथे लाल रंग. जास्त डीपीआयवर त्या रेघा स्कॅनमध्ये उमटतात. लोक म्हणतात, काढून टाका. मी काढत नाही. तो त्या माणसाचा हात आहे, आणि त्याच्या कामाची दुसरी कुठलीच नोंद आता उरलेली नाही.

पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती पेटी आधी हातात घ्या. ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म उष्णतेने आणि ओलाव्याने कुजायला लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं आणि त्याच्या वाफेने शेजारच्या पट्ट्याही कुजतात. ती पेटी बाकीच्यांपासून दूर ठेवा. लग्नाचे रंगीत फोटो नंतर केले तरी चालतील.

पट्टी होल्डरमध्ये, म्हणजे ती धरायच्या चौकटीत, बसवताना चकचकीत बाजू खाली. वरून पाहिलं तर कडेवरची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. फिल्म काचेला टेकली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, ती टाळायलाच होल्डर तिला वर उचलून धरतो. वेटाळलेली पट्टी बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली काही आठवडे ठेवा. व्ही 600 ला फोकस बदलता येत नाही. म्हणून होल्डरखाली कागदाच्या पट्ट्या घालून एकच घर दोन-तीन उंचींवर काढून बघायचं, आणि जिथे फिल्मचा दाणा सर्वांत स्पष्ट दिसेल ती उंची कायम करायची. ही खटपट एकदाच. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हिचा फरक जास्त पडतो.

सॉफ्टवेअर तीन. स्कॅनरबरोबर येणारं एप्सन स्कॅन फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. व्ह्यूस्कॅन विकत घ्यावं लागतं, पण कंपनीने वाऱ्यावर सोडलेले जुने स्कॅनर ते नव्या कॉम्प्युटरवर चालवतं. सेकंडहँड यंत्र घेणाऱ्याला तेच तारतं. सिल्व्हरफास्ट जर्मनीचं, ताकदवान, पण त्याचं लायसन्स एका मॉडेलला बांधलेलं. यंत्र बदललं की पुन्हा पैसे. माझा कल व्ह्यूस्कॅनकडे आहे, हे लपवत नाही.

कुठलंही घ्या, त्याचा हुशारपणा बंद करा. आपोआप शार्पनिंग बंद. आपोआप काँट्रास्ट बंद. पहिला स्कॅन फिका आणि मेलेला दिसला पाहिजे. हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची, दोन्ही टोकं मोकळी ठेवली की ढग आणि पागोट्याखालचे डोळे दोन्ही वाचतात. ते 16 बिट टिफ जपून ठेवायचं आणि त्याच्या प्रतीवर हवा तो रंगढंग करायचा, जिंप या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये केला तरी चालेल.

स्कॅनरमधल्या धूळ काढणाऱ्या इन्फ्रारेडबद्दल, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाबद्दल, लोक फार विचारतात. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेड प्रकाशाला पारदर्शक असतात, धूळ नसते. म्हणून यंत्राला धुळीचा नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा ते भरून काढतं. रंगीत पट्ट्यांवर जरूर वापरा. काळ्या-पांढऱ्यावर मात्र बंदच ठेवा. तिथे चांदी स्वतःच इन्फ्रारेड अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि ते भुवया, मिशा, लुगड्याचे काठ खाऊन टाकतं. तिथे एकेक ठिपका हातानेच काढायचा.

रंगीत निगेटिव्हचा तो नारिंगी थर दोष नाही. फिल्ममधले रंग शुद्ध नसतात, ती अशुद्धी भरून काढायला कारखान्यातच तो दिलेला असतो. सॉफ्टवेअरला तो वजा करावा लागतो. त्यासाठी दोन घरांमधल्या कोऱ्या पट्टीवर माप घ्या, ते लॉक करा आणि तो अख्खा रोल त्याच मापाने काढा. नाहीतर हळदीच्या फोटोत नवरी एका घरात पिवळी, दुसऱ्या घरात निळी.

आता नावं. स्कॅन झालेले फोटो मी गावात मोठ्या टीव्हीवर लावतो. एक आजी पडद्याजवळ आल्या, बोट ठेवलं, "हे तं आमचे नाना होय! अन् हा कोन हाय मांगं, ह्याले तं मी ओरखत नाही." ते 'मांगं' कोण, हे दुसऱ्या कोपऱ्यातून कोणीतरी सांगतं, मग वाद होतो, आणि त्या वादातून गल्ली, आडनाव, साल सगळं बाहेर येतं. हे त्याच वेळी लिहून घ्या. फाइलच्या नावात गाव आणि अंदाजे साल घाला, कोण कुठे उभं आहे ते वहीत. पाकिटावर स्टुडिओचा शिक्का असेल तर पाकीटही स्कॅन करा. साल कळत नसेल तर चित्रातच शोधा. स्टेशनवर शकुंतलेचं, म्हणजे आपल्या यवतमाळच्या छोट्या रेल्वेगाडीचं, वाफेचं इंजिन उभं असेल तर फोटो 1994 च्या एप्रिलनंतरचा नाही, त्यानंतर तिला डिझेल लागलं. गाय-वासराने खालची हद्द दिली, इंजिनाने वरची. अशा हद्दी आखत जायच्या.

तेवढ्यात पोट्टे मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतात. तिथे चित्र दाबलं जातं हा एक भाग, पण मला दुसरी काळजी आहे. स्टुडिओच्या पेटीत परक्यांच्या लेकी-सुना असतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो, फोटोग्राफरचा नाही. पेटी तुम्हाला मिळाली म्हणजे फोटो तुमचे झाले असं समजू नका. आधी त्या घरी प्रिंट घेऊन जा. चहा मिळतो आणि नावंही मिळतात.

स्कॅन झाल्यावर पट्ट्या फेकायच्या का, असं मघाशी एकाने विचारलं. नाही. कागदी पाकिटात घालून घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवा, माळ्यावर टिनाखाली नको. स्कॅनच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर आणि त्या दोन डिस्क वेगवेगळ्या घरांत. आपल्याकडे वीज कडाडली की कॉम्प्युटर डिस्कसकट जातो.

दुसरा प्रश्न, मोबाइलने होत नाही का? पांढऱ्या लाइट पॅडवर पट्टी ठेवून, खोलीतला बाकीचा उजेड घालवून, मोबाइल अगदी समांतर धरला तर ओळख पटण्यापुरतं नक्की होतं. पेटीत काय आहे याची यादी करायला मी तेच करतो. मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाचा, चांगला कॅमेरा असेल तर सपाट स्कॅनरपेक्षाही सरस निकाल येतो, पण स्टँड आणि समांतरपणा साधायला चिकाटी लागते.

मागच्या टेबलावर स्कॅनर लावलेला आहे. चार वाजता लाइन जाणार आहे, म्हणून ज्यांच्या पाकिटाला आंबट वास येतोय त्यांनी आधी या. अल्बमवाल्यांनी थोडं थांबा.