घरटं कुणी विणलं?

श्रोतेहो, नमस्कार.

बाहेर मुसळधार पाऊस. काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय आणि तो चिऊच्या मेणाच्या घराची कडी वाजवतोय. आतून काय उत्तर येतं, ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. थांब, दूध पाजते. आता एक सांगा, त्या घरात चिमणा कुठाय? तो कामावर गेलाय असंही कुणी म्हणत नाही. तो मुळात नाहीच. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट ऐकतोय आपण, पण चिमण्याची चौकशी काही कुणी केली नाही.

खऱ्या चिमण्यांचा संसार असा नसतो. घरट्याची जागा बहुधा नर हेरतो. अंड्यांवर दोघं आळीपाळीनं बसतात. पिल्लांना अळ्या आणि किडे दोघंही भरवतात. दूध मात्र कुठलीच चिमणी पाजत नाही, तेवढं आपण गोष्टीला माफ करू.

आणखी एक गंमत. घरात एखादं चिमणीचं चित्रपुस्तक असेल तर आज काढून बघा. पुष्कळ पुस्तकांत चिऊताईच्या गळ्याखाली झकास काळा डाग रंगवलेला असतो. तो डाग नराचा. मादी साधी, भुरी, गळा कोरा. म्हणजे चित्रकारानं काढला चिमणा, त्याच्या कपाळावर टिकली लावली आणि केली त्याची आई. पुस्तकात पिल्लांना भरवताना बाबाच दिसतोय, फक्त नाव आईचं आहे.

आजचा विषय हाच. यमकातल्या, प्राण्यापक्ष्यांच्या चित्रपुस्तकांत मुलं कोण सांभाळतं? आणि ज्यासाठी मी आज इथे बसलोय, ती हकीकत सुगरणीच्या घरट्याची.

साल १९३०. सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन मुंबईला परत आले, तर संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही. मग ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. पावसाळा आला आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. हातात वेळच वेळ. सलीम अली रोज त्या घरट्यांवर नजर ठेवून बसू लागले.

त्यांना काय दिसलं, ते नीट ऐका. विणत होता तो नर. डोक्यावर पिवळाजर्द रंग चढलेला नर भाताच्या, गवताच्या, माडाच्या पात्याला कडेनं चोचीनं चीर पाडतो आणि उडताना लांब पट्टी सोलून नेतो. एक घरटं पुरं व्हायला अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. आधी फांदीला गाठी मारून देठ, मग एक कडं, मग हेल्मेटसारखं अर्धं घरटं. इथं तो थांबतो. पंख फडफडवत उलटासुलटा लटकतो, ओरडतो आणि माद्यांना बोलावतो.

मादी येते. आत शिरते, इकडे ओढून बघते, तिकडे ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर शेजारच्याचं घरटं बघायला जाते. पसंती मिळाली की मगच नर खाली लोंबणारी ती लांब नळी विणतो. विहिरीवरच्या बाभळीला जी अर्धवट घरटी लटकलेली दिसतात ना, त्यातली बरीचशी या परीक्षेत नापास झालेली असतात. विणणारा नर, पारखणारी मादी. पुन्हा सांगतो, विणणारा नर, पारखणारी मादी. आतलं अस्तर काय ते ती थोडंफार करते.

तुम्ही म्हणाल, वा, काय आदर्श बाप! थांबा. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या त्याच झाडावर दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसरीला बोलावतो. जमलं तर तिसरीला. अंडी दोन ते चार, उबवायची पंधरा-सतरा दिवस, ती एकट्या मादीनं. पिल्लांना भरवायचं तेही बहुतेक तिनंच. सलीम अलींनी हे सगळं १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. संसार एकामागून एक थाटणारा हा नर तोवर अभ्यासकांनाही नीट उमगला नव्हता.

आणि आपल्याला शाळेपासून पाठ आहे ते बहिणाबाईंचं खोप्याचं गाणं. त्यात पिलांसाठी झाडाला झोका टांगते ती आईच. मग बहिणाबाई चुकल्या का? मला हा प्रश्नच पटत नाही. तिशीत वैधव्य आलेल्या, शेतात राबून मुलं वाढवणाऱ्या बाईनं खोप्यात स्वतःचं घर पाहिलं. ते गाणं आहे, पक्ष्यांची नोंदवही नाही. (कवितेखाली 'शास्त्रीय चूक शोधा' असा स्वाध्याय देणाऱ्यांना मी तरी हात जोडतो.) मात्र आज कुणी सुगरणीचं नवं चित्रपुस्तक करत असेल आणि विणणाऱ्या पक्ष्याला पदर आणि बांगड्या चढवत असेल, तर त्याला बहिणाबाईंची सबब नाही.

निसर्गाचा दाखला देऊन बाप चांगला ठरत नाही आणि आईही ठरत नाही. तळ्यातल्या कमळाच्या पानांवर चालणाऱ्या कमळपक्ष्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते, चारही अंडी नर उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो. म्हणून काय माणसानं तसं करायचं? पुस्तकात बघायचं ते एवढंच की पानावर कोण काय करतंय.

ते कसं बघायचं? आधी मजकूर झाका, नुसती चित्रं उलटा. चमच्यानं भरवणारं, अंथरूण घालणारं, रडणाऱ्याला उचलणारं कोण आहे? आणि छत्री, पेपर, चष्मा कुणाकडे? मग क्रियापदं मोजा. आई शिजवते, धुते, निजवते. बाबा येतो, आणतो, ओरडतो. बाबाची तीन आणि आईची बारा निघाली तर पुस्तक टाकून देऊ नका, पण ध्यानात असू द्या. स्वयंपाकघरात शिरलेलं अस्वल-बाबा दर वेळी दूध उतू घालवत असेल तर तेही मोजा. बाबाला काम दिलं, पण धांदरटपणाच्या अटीवर.

आता यमकाचं. आईला यमक सापडायला कष्ट नाहीत. ताई, बाई, घाई, जाई, शाई, आणि हुकमी अंगाई. बाबाला? ताबा. फार तर ओढूनताणून उभा. त्यामुळे घाईत लिहिणारा ओळीच्या टोकाला आईला बसवतो, आणि आई आली की मागोमाग अंगाई येतेच. यावर उपाय सोपा आहे. नातं ओळीच्या आरंभी घ्या, टोकाला क्रियापद ठेवा. ऐका:

बाबा घरट्यात आला,
अळी भरवून गेला.

आठ अक्षरं, आठ अक्षरं. आता आई करा:

आई घरट्यात आली,
अळी भरवून गेली.

एक अक्षर कमीजास्त झालं नाही. वाचून दाखवताना तुम्हीसुद्धा अशा ओळी फिरवू शकता, एक रात्र आई, एक रात्र बाबा. पण टोकाला आई आणि अंगाई असेल तिथे हात घालू नका. यमक मोडलं की चार वर्षांचं पोरगं लगेच पकडतं, "असं नाहीये!" तिथे वाचन थांबवून एवढंच विचारा, याचा बाबा कुठे गेला असेल? उत्तरं भन्नाट येतात.

जाता जाता प्रकाशकांना एक विनंती. तो गुळगुळीत, चकाकणारा कागद नको. ट्यूबलाइटखाली अर्धं चित्र चकाकीत जातं, मुलाला चिमणीचा गळा दिसणार कुठून? सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं, साध्या मॅट कागदावर छापा, पुरे.

आणि चित्रकारांना एक काम. कांस्यपंखी कमळपक्ष्यातला नर धोका दिसला की पिल्लांना पंखाखाली घेऊन चालू लागतो. पिल्लांचे लांब पाय बाहेर लोंबत असतात आणि बापाला सहा-आठ पाय फुटल्यासारखे दिसतात. हे चित्र काढा. यमक आम्ही बघतो.

नमस्कार.